पूल फिरता राहू द्या

इलिनॉय आणि आयोवा या अमेरिकेतल्या दोन राज्यांच्या सीमेवर, मिसिसिपीच्या पात्रात आर्सेनल आयलंड नावाचं बेट आहे. बेट लष्कराच्या ताब्यात आहे आणि तिथून आयोवातल्या डॅव्हनपोर्ट शहरात जाणारा पोलादी पूलही लष्कराच्याच मालकीचा. नाव अगदी सरकारी थाटाचं : गव्हर्नमेंट ब्रिज. 1896 साली बांधून झालेल्या या पुलाला दोन मजले आहेत. वरून रेल्वे जाते, खालून मोटारी. साडेतीनशे फुटांहून लांब असा त्याचा एक गाळा मधल्या खांबावर आडवा फिरतो आणि बोटींना वाट करून देतो. बहुतेक फिरते पूल पाव वर्तुळ फिरून थांबतात. हा पूर्ण गिरकी घेऊ शकतो.

मिसिसिपीवर असे रेल्वेचे जुने फिरते पूल अजून बरेच आहेत. त्यांचं करायचं काय, हा वाद तिथे अधूनमधून डोकं वर काढतो. एका बाजूला बार्जवाले (बार्ज म्हणजे माल वाहणारी सपाट तळाची, ढकलत न्यायची होडी) आणि मालवाहतूकदार : पूल म्हातारा झाला, नदीची वाट अडवतो, काढून टाका आणि नवा बांधा. दुसऱ्या बाजूला वारसाप्रेमी : पाडू नका, निदान एखादा तुकडा तरी ठेवा. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. पहिल्यांचा हिशेब एकतर्फी आहे आणि दुसऱ्यांची जपणूक वरवरची. नदीची अडवणूक खरोखर पुलामुळेच होत असेल तिथे पूल जावा, त्याबद्दल हळहळत बसण्यात अर्थ नाही. पण तशी होत नसेल तिथे तो राहावा, आणि राहावा तो गाड्या अंगावर घेत, बोटीसाठी फिरत. गव्हर्नमेंट ब्रिज या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

या वादाचा जन्मच इथला आहे. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल याच बेटावरून 1856 च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. तो लाकडी होता आणि बोटींसाठी त्यालाही फिरणारा गाळा होता. तोवर या नदीवर वाफेच्या बोटींचं राज्य होतं. व्यापार उत्तर-दक्षिण चालायचा आणि त्याच्या नाड्या सेंट लुईसच्या हातात होत्या. रेल्वेने नदी ओलांडली की पलीकडचा माल शिकागोकडे वळणार, हे न कळण्याइतके सेंट लुईसचे बोटवाले भोळे नव्हते. तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांचाही पुलाला विरोध होता. बेट सरकारी मालकीचं, तेव्हा त्यावरून रूळ नेता येणार नाहीत, अशी भूमिका घेऊन केंद्र सरकार कोर्टात गेलं आणि हरलं.

पूल सुरू होऊन पंधरा-सोळा दिवस झाले नाहीत तोच, 6 मे 1856 रोजी, 'एफी ॲफ्टन' नावाची बोट त्यावर आदळली. फिरत्या गाळ्यातून ती थोडी वर गेली होती. मग तिचं एका बाजूचं चाक बंद पडलं आणि प्रवाहाने तिला मागे लोटलं. बोटीवरची शेगडी उलटून आग लागली. बोट जळाली आणि पुलाचा एक गाळाही जळाला. आसपासच्या बोटींनी भोंगे वाजवून आनंद साजरा केला, असं सांगतात. खोटं वाटत नाही.

बोटीच्या मालकांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. सप्टेंबर 1857 मध्ये शिकागोच्या कोर्टात पुलाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये स्प्रिंगफील्डचे अब्राहम लिंकन होते. प्रवाहाचा वेग किती, खांबांचा कोन किती, चाक कुठे बंद पडलं, हे सगळं त्यांनी ज्यूरीसमोर आकडे मांडून सांगितलं. पण त्या युक्तिवादातल्या दोनच गोष्टी आज कामाच्या आहेत. पहिली अशी की नदीतून वर-खाली जाण्याचा एखाद्याला जितका हक्क आहे, तितकाच ती ओलांडण्याचा दुसऱ्याला आहे. दुसरी गोष्ट हिशेबाची. दुरुस्त झालेल्या पुलावरून 8 सप्टेंबर 1856 ते 8 ऑगस्ट 1857 या अकरा महिन्यांत मालाचे 12,586 डबे आणि 74,179 प्रवासी गेले, असं त्यांनी दाखवून दिलं. शिवाय नदी आदल्या हिवाळ्यात जवळपास चार महिने बंद होती. पूल मात्र थंडीतही चालतो.

ज्यूरीचं एकमत झालं नाही, खटला तसाच राहिला. पुढे वेगळ्या एका दाव्यात खालच्या कोर्टाने पूल काढण्याचा दिलेला आदेश सुप्रीम कोर्टाने रद्द केला. (याच पट्ट्यातल्या खडकाळ उतारांची पाहणी 1837 साली तरुण लष्करी इंजिनिअर रॉबर्ट ली यांनी केली होती. ली, डेव्हिस, लिंकन : पुढच्या अमेरिकी यादवी युद्धातली ही तीन मोठी नावं नदीच्या या एका वळणावर आधीच हजेरी लावून गेलेली दिसतात.)

लिंकन पुलाच्या बाजूने बोलले म्हणून पूल बरोबर ठरत नाही. ते फी घेऊन उभे राहिलेले वकील होते, आणि बोटवाल्यांच्या तक्रारीत तथ्यही होतं. उताराच्या तोंडाशी, ओढ असलेल्या पाण्यात खांब रोवले तर सुकाणू धरणाऱ्याचे हाल होणारच. मला त्यांची पद्धत पटते. कोणाचं किती अडलं, हे दोन्ही बाजूंचं मोजायचं आणि मग बोलायचं.

नंतरच्या शंभर वर्षांत हे मोजमाप हळूहळू एका बाजूला झुकत गेलं. बोटीने एक लांब आणि एक आखूड भोंगा दिला किंवा रेडिओवर मागणी केली की पूल उघडायचा, हा अमेरिकेतला सर्वसाधारण नियम आहे. त्यात चूक काही नाही. पंधरा बार्ज ढकलत येणारी टोबोट ब्रेक लावल्यासारखी जागच्या जागी थांबत नाही, तिला अग्रक्रम मिळायला हवा. अडचण 1940 च्या ट्रुमन-हॉब्ज कायद्यापासून सुरू होते. हॅरी ट्रुमन तेव्हा सिनेटर होते. या कायद्यानुसार एखादा पूल जलवाहतुकीला अवाजवी अडथळा ठरला तर सरकार तो बदलण्याचा आदेश देतं. मालकाला स्वतःला जेवढा फायदा होतो तेवढा वाटा तो उचलतो, उरलेला खर्च केंद्राच्या तिजोरीतून. निर्णय आता कोस्ट गार्डकडे असतो. खर्च एका पारड्यात आणि जलवाहतुकीचा फायदा दुसऱ्या पारड्यात. पूल फिरलेला असताना किती गाड्या सिग्नलला तुंबल्या, हा प्रश्न तिथे मुख्य नसतो. पुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करूनच चौकशी सुरू होते.

गव्हर्नमेंट ब्रिजवर हा आरोप टिकतो का?

1930 च्या दशकात अमेरिकी सरकारने मिसिसिपीच्या वरच्या भागात नऊ फूट खोलीचा जलमार्ग करायचं ठरवलं. त्यासाठी नदीवर बंधारे आले आणि प्रत्येक बंधाऱ्याशी पाण्याची पातळी वरखाली करून बोटींना पुढे सोडणारे लॉक आले. 15 क्रमांकाचा लॉक आणि बंधारा 1934 मध्ये नेमका इथेच झाला. पुलाचा फिरणारा गाळा बरोबर लॉकच्या वर येतो. म्हणजे बोटीला पूल एकट्याने कधी भेटतच नाही, तो लॉकसकटच भेटतो.

आता लॉकचं माप घ्या. मुख्य लॉक 110 फूट रुंद आणि 600 फूट लांब आहे. एक बार्ज साधारण 195 फूट लांब आणि 35 फूट रुंद असतं, आणि त्यात 1,500 टनांच्या आसपास माल मावतो. धान्याच्या हंगामात येणारा पूर्ण तांडा पंधरा बार्जचा : शेजारी शेजारी तीन, एकामागे एक पाच. रुंदी झाली 105 फूट. दोन्ही बाजूंना मिळून पाच फूट उरतात, म्हणजे लॉकची भिंत आणि बार्ज यांच्यात जेमतेम अडीच अडीच फूट. लांबी मात्र पावणेदहाशे फूट, टोबोट वेगळीच. सहाशे फुटांच्या लॉकमध्ये ती बसत नाही. मग डेकवरची माणसं पोलादी दोर सोडतात, तांड्याचे दोन भाग करतात. पुढची नऊ बार्ज आधी आत जातात, पाण्याबरोबर वर किंवा खाली होतात आणि विंचने ओढून बाहेर काढली जातात. लॉक पुन्हा पहिल्या पातळीला आणायचा. मग उरलेली सहा बार्ज आणि टोबोट. त्यानंतर सगळं परत बांधायचं, दोर ताणायचे, पुढे निघायचं. या सगळ्यात सहज दीड-दोन तास जातात. उन्हाळ्यात ठीक, पण मार्चमधल्या वाऱ्यात ओल्या दोरांशी झगडणाऱ्या माणसाला विचारा की तुझा वेळ कोण खातं. तो वर लटकलेल्या पुलाकडे बोट दाखवणार नाही.

गव्हर्नमेंट ब्रिज उद्या मुळापासून उखडला आणि त्या जागी उंच, न हलणारा पूल बांधला, तरी पंधरा बार्जचा तांडा इथे थांबणार आहे, सुटणार आहे, पुन्हा बांधला जाणार आहे. नदीच्या वरच्या भागात 1,200 फुटी लॉक बांधायला अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, 2007 मध्ये मंजुरी दिली. ती मिसिसिपीवरच्या 20 ते 25 या क्रमांकांच्या पट्ट्यातल्या लॉकना आणि इलिनॉय नदीवरच्या दोन लॉकना. 15 क्रमांक त्या यादीत नाही. तेव्हा इथली खरी कोंडी बदलणार नाही. अशा जागी पुलावर अडथळ्याचा शिक्का मारणं म्हणजे टोलनाक्यावरच्या रांगेचा राग पुढच्या सिग्नलवर काढणं.

सगळीकडे असं नाही, हे मान्य करायला हवं. आयोवातल्याच बर्लिंग्टनचा मिसिसिपीवरचा जुना रेल्वे पूलही फिरता होता. मधला खांब नदीच्या वाटेत, दोन्ही बाजूंना अरुंद फटी, आणि त्यावर बार्जच्या धडका. तिथे लॉकची सबब नव्हती. ट्रुमन-हॉब्ज कायद्याखाली त्याचा फिरता गाळा काढून 2011 मध्ये लिफ्टसारखा सरळ वर उचलला जाणारा गाळा बसवला. योग्यच झालं. फिरत्या पुलाचा मूळ दोष हाच आहे. तो उघडला तरी स्वतःचा खांब आणि त्या खांबावर नदीच्या दिशेने पसरलेला सगळा सांगाडा पात्राच्या मध्येच ठेवतो. वर उचलल्या जाणाऱ्या पुलाखाली संपूर्ण रुंदी मोकळी मिळते. आयोवातल्याच फोर्ट मॅडिसनचा 1927 चा पूल आणखी अवघड जागी आहे. त्याचा फिरता गाळा 525 फुटांचा, दुमजली फिरत्या पुलांमध्ये जगात सर्वांत मोठा म्हणून ओळखला जातो. पुलावरून शिकागो ते लॉस एंजेलिस या मुख्य मार्गाच्या मालगाड्या आणि साउथवेस्ट चीफ ही प्रवासी गाडी जाते, नदीतून धान्याची बार्ज. दोघांपैकी कोणीही रिकामटेकडं नाही. तिथे काय करावं यावर माझं मत पक्कं नाही. पण ठरवायच्या आधी थांबलेल्या गाड्यांचा हिशेब थांबलेल्या बार्जच्या हिशेबाशेजारी ठेवावा, एवढं नक्की.

आता वारसाप्रेमींकडे वळू.

मिनेसोटात इन्व्हर ग्रोव्ह हाइट्स इथे मिसिसिपीवर 1895 चा आणखी एक दुमजली फिरता पूल होता. नाव रॉक आयलंड स्विंग ब्रिज. त्यावरची रेल्वे 1980 मध्ये थांबली, मोटारी 1999 मध्ये. नंतर बराचसा पूल पाडला आणि काठाला लागून असलेला उरलेला भाग 2011 मध्ये लोकांना फिरायला धक्का म्हणून खुला केला. जागा छान आहे, पोरांना नदी दिसते, म्हाताऱ्यांना बसायला बाक आहे. सगळं पाडून भंगारात घालण्यापेक्षा हे हजारपट बरं. फक्त त्याला फिरता पूल वाचवला असं म्हणू नये. जे उरलं आहे ते फिरत नाही, आणि पलीकडेही जात नाही.

दुसरी पद्धत कागदी आहे. पाडण्यापूर्वी मोजमापं, नकाशे, मोठे काळे-पांढरे फोटो काढून सरकारी दप्तरात जमा करायचे. 1966 च्या राष्ट्रीय वारसा कायद्याखाली केंद्राचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या कामात जुन्या वास्तूचा विचार करावा लागतो, आणि अनेकदा तो विचार या दस्तऐवजापाशी येऊन संपतो. दस्तऐवज हवेतच. पण फिरता पूल ही चालवण्याची गोष्ट आहे. पूल चालवणाऱ्याच्या केबिनमधून दिसणारं तिचं काम फोटोत येत नाही.

ते काम पाहण्यासारखं असतं. बोटीची मागणी आली की पुलावरचा माणूस आधी रेल्वेचे सिग्नल लाल करून घेतो, खालच्या रस्त्याचे दांडे पाडतो. मग गाळ्याच्या दोन्ही टोकांची कुलपं निघतात. टोकांखाली पाचरा असतात, त्यांच्यावर पुलाचं टोक किंचित उचलून धरलेलं असतं, म्हणजे गाडीचं वजन आलं की ते खाली आपटत नाही. त्या पाचरा काढल्या की सगळा भार मधल्या खांबावर येतो आणि दोन्ही हात एकमेकांना तोलून धरतात. म्हणूनच एवढं मोठं धूड फिरवायला तुलनेने थोडी ताकद पुरते, आणि विजेच्या मोटारी लहान होत्या त्या काळी इंजिनिअर या रचनेवर एवढे खूश होते. खरी परीक्षा मिटताना असते. फिरून आलेल्या रुळाचं टोक काठावरच्या रुळाला केसभर इकडेतिकडे न होता मिळायला हवं, कुलूप बसायला हवं, नाही तर सिग्नल हिरवा होतच नाही. कडक उन्हात पोलाद वाढतं आणि गाळा खाचेत बसायला कुरकुर करतो. हे सगळं ज्याच्या हाताला माहीत आहे तो माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार झालं नसलं, तर पूल उभा असूनही अर्धा गेला.

गव्हर्नमेंट ब्रिजचे इंजिनिअर राल्फ मोजेस्की हे पोलंडमध्ये जन्मलेले, प्रसिद्ध नटी हेलेना मोजेस्का यांचे चिरंजीव. स्वतःच्या नावावर घेतलेलं त्यांचं हे पहिलं मोठं काम. पुढे फिलाडेल्फियाचा 1926 चा बेंजामिन फ्रँकलिन पूलही त्यांचाच. 1872 च्या आधीच्या पुलाचे खांब वापरून त्यांनी वर नवा सांगाडा चढवला. म्हणजे जुन्यातलं चालतं ते ठेवायचं आणि वरचं बदलायचं, ही रीत या पुलाच्या जन्मातच आहे.

फिरते पूल धोकादायक असतात, असा एक आक्षेप हमखास येतो. त्यासाठी ज्या अपघाताचं नाव घेतलं जातं तो नीट पाहायला हवा. 22 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अलाबामात मोबिलजवळ बिग बायू कॅनॉट या फाट्यावरच्या रेल्वे पुलावरून सनसेट लिमिटेड ही ॲमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वे कंपनीची गाडी पाण्यात कोसळली आणि 47 माणसं गेली. धुक्यात वाट चुकलेल्या एका टोबोटच्या बार्जनी काही मिनिटं आधी पुलाला धडक दिली होती. हा गाळा पुढेमागे फिरता करता यावा अशा रचनेचा होता, पण फिरता कधी केलाच नाही. आडव्या धक्क्याने तो सरकू नये म्हणून पक्का जखडलाही नव्हता. रूळ वाकला, तुटला मात्र नाही, त्यामुळे सिग्नलच्या विद्युतमंडळाला काही कळलंच नाही. तिथे केबिन नव्हती, माणूस नव्हता, कुलपाची तपासणी नव्हती. रोज फिरणाऱ्या पुलावर गाळा जागेवर आहे का, हे प्रत्येक गाडीआधी यंत्रणेला कळावंच लागतं. त्या अपघाताने धोका दाखवला तो फिरू शकणाऱ्या पण कोणीच न पाहणाऱ्या पुलाचा.

राहिला पैशाचा प्रश्न. सव्वाशे वर्षांचं यंत्र स्वस्तात चालत नाही, हे उघड आहे. पण इथे मालकीची रचना सोयीची आहे. पूल लष्कराचा, आणि खालचा लॉक चालवणारी कोअर ऑफ इंजिनिअर्स हीदेखील लष्कराचीच संस्था. लॉकच्या मोठ्या कामांसाठी जलवाहतुकीकडून निधी गोळा होतो. बार्जच्या इंधनावर 2015 पासून गॅलनमागे 29 सेंट कर आहे. इथे लॉक आणि पूल हे एकाच ठिकाणचे, एकमेकांत अडकलेले दोन दरवाजे आहेत. मग फिरण्याच्या यंत्रणेची दुरुस्ती लॉकच्याच कामाचा भाग धरायला काय हरकत आहे? आणि दर महिन्याला पूल किती वेळा उघडला, बोट किती थांबली, गाडी किती थांबली, हा तपशील लोकांसमोर ठेवावा. भांडायचंच तर निदान आकड्यांवर भांडता येईल.

एक अप्रिय गोष्टही सुचवतो. पुलाच्या आयुष्यावर उठलेली वस्तू बार्ज नाही आणि वरून जाणारी आयोवा इंटरस्टेट रेलरोडची मालगाडीही नाही. खालच्या मजल्यावरच्या मोटारी आणि हिवाळ्यात त्यांच्याबरोबर येणारं मीठ पोलादाला खातं. मोटारींना दुसरे रस्ते आहेत. जवळच 1940 चा सेंटेनियल ब्रिज आहे, आणि आय-74 महामार्गाचा नवा पूल 2021 मध्ये पूर्ण झाला आहे. रेल्वेला या शहरात इतकी सहज दुसरी वाट मिळणार नाही, आणि बोटीला तर नदी एकच. उद्या दुरुस्तीचे पैसे सगळ्यांना पुरणार नसतील, तर खालचा मजला मोटारींना बंद करून पायी आणि सायकलवरून जाणाऱ्यांना द्यावा, आणि वाचलेला पैसा फिरत्या गाळ्यावर घालावा. डॅव्हनपोर्टहून बेटावर कामाला जाणाऱ्यांना वळसा पडेल आणि त्यांचा याला विरोध असेल, तो रास्तही असेल. तरीही कोणाला तरी लांबून जायला सांगायचं झालं, तर ते मोटारवाल्यालाच सांगावं लागेल.